थेरपीने बरं वाटायच्या ऐवजी बिघडलं, असे नाशिककरांचे अनुभव

गोदाकाठची

'नाशिकमध्ये चांगला काउन्सेलर सुचवा' असे धागे इथे दर दोन-तीन महिन्यांनी निघतात. नावं पडतात, फी किती ते येतं, कॉलेज रोडला गाडी लावायला जागा मिळते का यावर पान-पानभर चर्चा होते. पण त्यात कुणी 'मला तर जाऊन जास्तच त्रास झाला' असं लिहिलं की दोनच तऱ्हेचे प्रतिसाद येतात. एक, 'तुम्ही मनापासून केलं नसेल'. दुसरा, 'आम्ही म्हणतच होतो, पैसे उकळायचे धंदे आहेत सगळे'. लिहिणारा गप्प बसतो. म्हणून हा वेगळा धागा.

माझं सांगते. घरातले ताण, नोकरी, झोपेचं खोबरं. गंगापूर रोडवरच्या एका बाईंकडे जायला लागले. प्रेमळ होत्या, आल्या आल्या चहा विचारायच्या. त्यांचा नंबर मला जाऊबाईंनी दिला होता, त्यांची जुनी ओळख. तिथे मी माहेरी भावाला दिलेल्या पैशांबद्दल बोलले होते. ही गोष्ट नवऱ्यालाही माहीत नव्हती. गौरी जेवायच्या दिवशी सगळा गोतावळा जमलेला, मी पुरण वाटतेय आणि जाऊबाई सहज म्हणाल्या, "अगं, भावाच्या पैशांचं एवढं मनाला लावून घेऊ नकोस." नवरा शेजारच्याच खोलीत होता.

बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "त्यांना तुमची काळजी वाटते म्हणून बोलले, तुमच्या भल्यासाठीच." आणि पुढचं अख्खं सेशन मला माणसांवर विश्वास का ठेवता येत नाही या विषयावर घेतलं! त्याची फीसुद्धा घेतली.

क्लिनिकचं किंवा माणसाचं नाव कुणी लिहू नका, धागा उडेल. काय झालं ते लिहा. आणि पहिल्याच दिवशी कुणी काय सांगितलं असतं तर हे टळलं असतं, तेही लिहा.

पंचवटी_एक्सप्रेस

ताई, राग मानू नका. आमच्या वेळी ओट्यावर बसून चार माणसांत बोललं की मन हलकं व्हायचं. फी नाही, अपॉइंटमेंट नाही.

कॉलेजरोड_कट्टा

काका, ओट्यावर बोललेलं संध्याकाळपर्यंत रविवार कारंजापर्यंत पोचायचं. गोदाकाठची यांच्या बाबतीत तेच झालंय, फक्त पैसे मोजून.

अंबड_थर्ड_शिफ्ट

माझं थेरपी म्हणायचं का माहीत नाही. आमच्या शॉपमध्ये पॉवर प्रेसवर एकाचा हात गेला. मी मशीनच्या पलीकडच्या बाजूला होतो, मला फक्त आवाज आला होता. दुसऱ्या दिवशी एचआरने बाहेरून एक सर आणले. सगळ्यांना ट्रेनिंग हॉलमध्ये गोल बसवलं आणि प्रत्येकाने उभं राहून काय पाहिलं ते सांगायचं. मोकळे व्हा म्हणे. नाही म्हणायची सोय नव्हती, हजेरी घेतली होती भो.

समोरच्या पोराने जे जे पाहिलं ते बारीकसारीक सांगितलं. तेव्हापासून मी जे पाहिलंच नाही ते मला दिसतं. प्रेसवर उभं राहिलं की हाताला घाम. बायकोला वाटतं मी घाबरट झालोय. ते सर परत आले नाहीत, एचआरच्या फायलीत 'समुपदेशन पूर्ण' लिहिलंय.

निफाडची_थंडी

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, याच जिल्ह्यात काम करते. अंबडवाल्या दादांचं आधी, कारण त्यांच्यासोबत जे झालं त्याची जगभर तपासणी झालेली आहे.

अपघातानंतर लगेच, एकाच बैठकीत, सगळ्यांना प्रसंग पुन्हा सांगायला लावायचा या पद्धतीला डीब्रीफिंग म्हणतात. १९८० च्या दशकात अमेरिकेत ती अग्निशमन दल आणि अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांसाठी सुरू झाली आणि मग सगळीकडे पसरली. ब्रिटनमध्ये रस्ते-अपघातातल्या जखमींचे दोन गट करून एका गटाला असं डीब्रीफिंग दिलं आणि तीन वर्षांनी पुन्हा तपासलं. २००० साली निकाल छापून आला. सुरुवातीला ज्यांना जास्त त्रास होता ते डीब्रीफिंग न घेतलेल्या गटात हळूहळू सावरले होते. घेतलेल्या गटातले मात्र तसेच अडकून राहिले होते. जागतिक आरोग्य संघटनाही आता ही पद्धत वापरू नका म्हणते. लगेचच्या काळात माणसाला सुरक्षित वाटू द्या, घरी जाऊ द्या, बोलायचं असेल तर ऐका, नसेल तर खोदू नका, एवढंच सांगितलं जातं.

म्हणजे दादा, तुम्ही घाबरट नाही. न पाहिलेलं दिसणं, मशीनपाशी घाम फुटणं, यावर नीट उपचार आहेत आणि ते एकट्याने, तुमच्या वेगाने होतात. हे महिनाभरापेक्षा जास्त चाललं असेल तर नक्की दाखवा.

अंबड_थर्ड_शिफ्ट

चार महिने झाले. कुठे जायचं, ते पण सांगा. कंपनीतून नको.

निफाडची_थंडी

त्र्यंबक नाक्याजवळच्या सिव्हिलला मानसोपचाराची ओपीडी आहे, केस पेपर काढून दाखवता येतं. गर्दी असते, पहिल्या भेटीत फार वेळ मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. 'कामावरच्या अपघातानंतर झोप नाही, प्रसंग डोळ्यांसमोर येतो' एवढं एका वाक्यात सांगा. कंपनीत कळवणार नाही ना, हेही तिथेच विचारा. फोनवर आधी बोलायचं असेल तर १४४१६, टेली-मानस, सरकारी आणि फुकट आहे, मराठीत बोलतात.

कॉलेजरोड_कट्टा

माझा किस्सा ऑनलाइनचा. एमपीएससीचं दुसरं वर्ष, रूमवर एकटा, घरून फोन आला की पोटात गोळा. एका अ‍ॅपवरून थेरपिस्ट मिळाली. पहिले काही आठवडे खरंच बरं वाटलं. मग ती स्वतःबद्दल बोलायला लागली. तिचा घटस्फोट, तिच्या आईचं आजारपण. मी धीर द्यायचो! एकदा तर मीच तिला विचारलं, "मॅडम, तुम्ही कुणाकडे जाता का?"

हेही चाललं असतं. पण प्रीलिमच्या आधी एका रात्री चॅटवर मेसेज आला, 'मी हा प्लॅटफॉर्म सोडतेय, तुझ्या प्रवासासाठी शुभेच्छा'. बस. त्या दोन ओळींनंतर तिचं प्रोफाइलच गायब. वडील गेले त्याबद्दल मी आयुष्यात पहिल्यांदा जिच्याशी बोललो होतो ती बाई. मग नवीन कुणाकडे जायचं म्हटलं की सगळं पहिल्यापासून उगाळायचा कंटाळा येतो.

पहिल्या दिवशी काय सांगायला हवं होतं? एवढंच, की हे संपणार कसं. संपायच्या आधी किती दिवस कळवणार आणि मला पुढे कुणाकडे पाठवणार.

पंचवटी_एक्सप्रेस

हे मात्र वाईट झालं बाळा. एसटीचा कंडक्टरसुद्धा गाडी फेल झाली की दुसऱ्या गाडीत बसवून देतो.

शरणपूर_४२२

आयडी मुद्दाम नवा काढलाय.

माझा थेरपिस्ट पुरुष होता, नावाजलेला. आधी सेशननंतर 'कशी आहेस' असा मेसेज. मग रात्री अकराला 'झोपलीस का'. मग तुझी केस स्पेशल आहे म्हणून फी घ्यायचं बंद. मला वाटायचं किती चांगला माणूस. एक दिवस सेशन क्लिनिकऐवजी सोमेश्वरला 'मोकळ्या हवेत' घेऊया म्हणाला. मी गेले नाही. त्यानंतर जे मेसेज आले ते इथे लिहीत नाही.

मैत्रीण म्हणाली, "तू काही तरी सिग्नल दिला असशील." म्हणून आजवर कुणाला बोलले नव्हते.

निफाडची_थंडी

शरणपूर_४२२, यात 'दोन्ही बाजू' नसतात. समोरची व्यक्ती प्रेमात पडली तरी, तिने स्वतःहून पुढाकार घेतला तरीसुद्धा ती सीमा सांभाळायची जबाबदारी पूर्णपणे थेरपिस्टची. मनातलं सगळं सांगणाऱ्या माणसाला समोरच्याबद्दल ओढ वाटू शकते, हे आम्हाला शिकवलेलं असतं. म्हणूनच त्याचा फायदा घेणं हा अपराध. रात्रीचे मेसेज, फी माफ करणं, 'तू स्पेशल', मग भेटीची जागा बदलणं, ही पायरी-पायरीने जाणारी वाट इतक्या जणींकडून ऐकली आहे की पुढची पायरी आधीच सांगता येते. मेसेज डिलीट करू नका.

संपादक

वरच्या प्रतिसादाखाली एका सदस्याने तो कोण असावा याचे अंदाज बांधले होते. तो प्रतिसाद अप्रकाशित केला आहे. नाशिक लहान आहे, कृपया तर्क लढवू नयेत.

दिंडोरी_लोकल

मला जे सांगायचं ते थोडं वेगळं आहे. घरी कळलं की मला मुलगे आवडतात. वडील द्राक्षवाले, रागावले नाहीत, उलट म्हणाले आपण शहरात चांगल्या डॉक्टरला दाखवू. त्यांना खरंच वाटत होतं की हा आजार आहे आणि मी बरा होईन. आणि त्या माणसाने त्यांना तसंच सांगितलं. 'सहा महिन्यांत लग्नाला तयार करतो.' माझ्याशी गप्पा कमी, गृहपाठ जास्त. कुणाकडे बघायचं, कुणाकडे नाही, मनात काय आलं ते रोज वहीत लिहायचं आणि ती वही वडिलांना दाखवायची. मी वही खोटी लिहायला लागलो, त्यामुळे माझ्यात 'प्रगती' दिसायला लागली. मग तो कोर्स वाढवला.

मी सुटलो ते पुण्याला नोकरी लागली म्हणून. वडिलांवर राग नाही. ज्याने पदवी भिंतीवर लावून त्यांना खोटं सांगितलं त्याच्यावर आहे.

सीबीएस_वकील

दिंडोरी_लोकल, तुमच्या वडिलांना दाखवता येईल असं काही सांगतो. इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीने २०१८ सालीच जाहीर केलं की समलैंगिकता हा आजार नाही. २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयात एस. सुषमा यांच्या खटल्यात न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी असल्या 'बदलून देतो' उपचारांवर बंदी घालायचे निर्देश दिले. निकाल लिहिण्याआधी ते स्वतः एका मानसशास्त्रज्ञाकडे जाऊन विषय समजून घेऊन आले आणि तसं त्यांनी आदेशात लिहिलंय. असा न्यायाधीश विरळा. त्या खटल्यातूनच २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने हे उपचार म्हणजे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. तो माणूस डॉक्टर असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार जाते.

आता धाग्याच्या मालकीणबाईंचं. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७, कलम २३. उपचारातली माहिती गुप्त राहणं हा रुग्णाचा हक्क आहे. अपवाद आहेत, पण जीवाला धोका, दुसऱ्याला इजा, न्यायालयाचा आदेश असे. जाऊबाईंची काळजी त्यात बसत नाही. कलम २५ खाली स्वतःच्या नोंदी मागता येतात.

गोदाकाठची

मग तक्रार कुठे करू?

सीबीएस_वकील

इथे गाडी अडते. तुमच्या बाई नक्की कोण होत्या? म्हणजे शिक्षण काय, नोंदणी कुठली?

गोदाकाठची

बोर्डवर 'काउन्सेलर व लाइफ कोच' असं होतं. विचारलं नाही कधी.

सीबीएस_वकील

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस करून पुढे त्यात एमडी किंवा डिप्लोमा केलेला डॉक्टर. तो मेडिकल कौन्सिलच्या कक्षेत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर दिल्लीच्या रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे, म्हणजे आरसीआयकडे नोंद हवी. हा कायदा १९९२ चा. नोंदणी क्रमांक त्यांच्या साइटवर तपासता येतो. नुसता 'काउन्सेलर' हा बोर्ड मात्र कुणीही लावू शकतो, तीन आठवड्यांचा कोर्स करूनसुद्धा. २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यावसायिकांचा राष्ट्रीय आयोग आणणारा कायदा झाला, त्याच्या यादीत बाकीचे मानसशास्त्रज्ञ आणि काही प्रकारचे काउन्सेलर आहेत. पण यादीत नाव असणं वेगळं आणि तुमच्या गल्लीतल्या बोर्डवाल्याला जाब विचारता येणं वेगळं.

२०१७ च्या कायद्यात तक्रारीची पायऱ्यापायऱ्यांची व्यवस्था आहे, पण ती मुख्यतः जिथे रुग्ण दाखल होतात अशा संस्थांसाठी. दोन खुर्च्या आणि एक टिश्यूचा डबा ठेवलेली केबिन त्यातून निसटते. तुमच्यासारख्या प्रकरणात फी देऊन घेतलेली सेवा म्हणून ग्राहक आयोगाचा विचार करता येईल. पावती आहे का?

गोदाकाठची

जीपे.

सीबीएस_वकील

चालेल. स्क्रीनशॉट काढून ठेवा.

शरणपूर_४२२, तुमचं प्रकरण ग्राहक आयोगाचं नाही, ते फौजदारीत बसू शकतं. मेसेज घेऊन एखाद्या महिला वकिलाला भेटा. आज लगेच तक्रार करा असं म्हणत नाही, पण काय काय करता येतं ते माहीत असलेलं बरं.

रविवार_कारंजा

सगळं वाचून कुणी जायचंच सोडेल, म्हणून माझा उलट अनुभव लिहिते. मलाही सोडून द्यायचं होतं.

माझे सर बोलताना माझ्या डोक्यावरून मागे बघायचे. तिथे घड्याळ होतं. मी आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल सांगतेय आणि यांची नजर वर. इतका अपमान वाटला की दोनदा काही तरी कारण काढून अपॉइंटमेंट रद्द केली. मग बहीण म्हणाली, "जे त्यांना सांगायचंय ते मला काय सांगतेस?" गेले आणि सांगितलं. हात थरथरत होते. मला वाटलं म्हणतील की तुमचा गैरसमज आहे. ते म्हणाले, "बरोबर आहे, मी बघतो. वेळ संपत आली की मी अस्वस्थ होतो, ते तुमच्यापर्यंत पोचलं. वाईट वाटलं असेल." मग विचारलं की हे सांगायला इतके दिवस का लागले. त्यातून जे निघालं, म्हणजे घरात कुणाला काही खुपतंय असं म्हणायची मला कधी मुभाच नव्हती, ते आईबद्दलच्या सगळ्या बोलण्यापेक्षा कामाचं ठरलं.

पंचवटी_एक्सप्रेस

पण मग ओळखायचं कसं? औषध कडू आहे म्हणून तोंड वाकडं होतंय की औषधच चुकीचं आहे?

निफाडची_थंडी

काका, या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुम्ही विचारलात.

सेशननंतर एक-दोन दिवस जड वाटणं, जुनं वर येणं, रडू येणं, हे होतं. त्याला अर्थ असतो आणि ते पुढे सरकतं. महिनोन्‌महिने तुम्ही आधीपेक्षा वाईट झोपत असाल, माणसं तोडत चालला असाल, थेरपिस्टला विचारल्याशिवाय साधे निर्णय घेता येत नसतील किंवा आत जाताना त्याची भीती वाटत असेल, तर ते कडू औषध नव्हे.

आणि आमच्यावर भिस्त ठेवू नका की आम्हालाच कळेल. अमेरिकेतल्या एका अभ्यासात थेरपिस्टना विचारलं होतं, तुमच्या क्लायंटपैकी कुणाचं बिघडेल असं वाटतं? साडेपाचशे क्लायंट होते. थेरपिस्टनी तिघांची नावं दिली. प्रत्यक्षात चाळीस जणांचं बिघडलं. म्हणजे आम्ही आशावादी माणसं आहोत, आणि यात ते भोवतं. साधारणपणे शंभरातल्या पाच ते दहा प्रौढांची अवस्था थेरपीच्या काळात खालावते असं संशोधक धरतात. सगळ्यांचा दोष थेरपीचा असेल असं नाही, आजार स्वतःही वाढतो. पण ते लक्षात यायला तर हवं.

दुसरा अभ्यास इंग्लंड-वेल्सचा, २०१६ साली छापलेला, चौदा हजारांवर लोकांचा. वीसातल्या जवळजवळ एकाने सांगितलं की उपचाराचा माझ्यावर टिकून राहिलेला वाईट परिणाम झाला. यातली एक गोष्ट या धाग्याच्या कामाची. ज्यांना आपण नेमकी कुठली थेरपी घेतोय हे धड माहीत नव्हतं त्यांनी वाईट अनुभव जास्त सांगितले. ज्यांना सुरुवातीलाच पुरेशी माहिती मिळाली होती त्यांनी कमी. गोदाकाठची यांनी पहिल्या दिवसाबद्दल विचारलं ते उगाच नाही.

मी स्वतः पहिल्या भेटीत अर्धा वेळ यातच घालवते. कुणाला काय सांगेन, काय सांगणार नाही, जीवाला धोका वाटला तर कुणाला फोन करेन. सोसायटीत, लग्नात समोर आले तर मी ओळख दाखवणार नाही, तुम्ही दाखवली तरच बोलेन. नाशिकमध्ये हे बोलून ठेवावंच लागतं, दर दुसरं माणूस कुणाचं तरी नात्यातलं निघतं. ओळखीतल्यांची शिफारस घेऊन आलात तर शिफारस करणाऱ्याला तुम्ही आलात की नाही हेसुद्धा सांगत नाही. काही जण वैतागतात. 'मॅडम, त्रास सांगायला आलोय, तुम्ही नियम काय सांगता?'

अंबड_थर्ड_शिफ्ट

सिव्हिलला जाऊन आलो. डॉक्टरांनी ऐकलं. अर्ध्या रात्रीपर्यंत जागतो म्हटल्यावर शिफ्ट बदलून घ्यायला चिठ्ठी देऊ का म्हणाले, त्यावर काय लिहायचं तेही मला विचारलं. 'प्रकृतीच्या कारणास्तव' एवढंच लिहिलं. पुढच्या वेळी तिथल्या सायकॉलॉजिस्टकडे पाठवणार आहेत.

शरणपूर_४२२

वकिलांना धन्यवाद. एका ताईंना भेटले. अजून ठरवलं नाही काही.

गोदाकाठची

एक शेवटचं विचारते. मी नवीन ठिकाणी वेळ घेतली आहे, या वेळी आरसीआय नंबर तपासून. आधीच्या बाईंबद्दल यांना सांगू का? उगाच चहाडी केल्यासारखं वाटतं. शिवाय तेही म्हणतील की ही क्लायंट कटकटीची आहे.

निफाडची_थंडी

सांगा, आणि पहिल्याच भेटीत सांगा. नाव नाही घेतलंत तरी चालेल. फक्त समोरचा काय करतो ते बघा. 'छे, असं कुणी करणार नाही, तुमचा गैरसमज झाला असेल' असं म्हणाला तर एक कळलं. 'अरेरे, ती अशीच आहे, माझ्याकडे आलात ते बरं केलंत' म्हणाला तरी तेच कळलं, तुमच्याबद्दलही तो दुसरीकडे असंच बोलेल. थांबून 'मग आता माझ्याकडे बोलताना तुम्हाला कशाची भीती वाटेल?' असं काही विचारलं तर पुढची वेळ घ्या. जाऊबाईंना मात्र या वेळी पत्ता कळू देऊ नका.